घरची रसायनशाळा



व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा त्यांची अशी समजूत होती की, मी बोनस, कंत्राटी पद्धत किंवा फार तर महागाई यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन. मी त्यांना म्हटले, "या विषयांवर मी वर्षाचे बारा महिने कारखान्यांच्या फाटकांसमोर बोलतच असतो. येथे मला रसायनशास्त्रावर बोलू द्या." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळूच विचारले, "आपले शिक्षण?" मी म्हटले, "नववी." तरीसुद्धा त्यांनी पत्रिकेत माझे नाव छापले. धाडस त्यांचे आहे. शिक्षा तुम्हाला भोगावयाची आहे.

पत्रिकेतला विषय वाचून कोणी चूर्णे, काढे आणि आसवे यांची माहिती मिळेल म्हणून आले असेल, तर त्यांची मी आधीच क्षमा मागतो. आपल्याकडे रसायनशाळा म्हटले की च्यवनप्राशाची बरणी डोळ्यांसमोर येते. मला सांगावयाचे आहे ते निराळे. ज्याच्या घरात कोणी शास्त्रज्ञ नाही, कॉलेजची पायरी ज्याने चढलेली नाही, अशा माणसाच्या हाती एक पुस्तक आणि चार पुड्या आल्या तर काय होते, आणि त्या आल्या नाहीत तर काय होते, एवढेच मला सांगावयाचे आहे. या सभागृहात रसायनशास्त्राचे प्राध्यापक बसलेले मला दिसत आहेत. मी चुकलो तर त्यांनी मला येथेच अडवावे. सभांतून अडविले जाण्याची मला सवय आहे.

माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला तो कसा संपला, हे सांगत नाही. तो संपलाच नाही असेही म्हणणारे आहेत. आमच्यापुरते सांगायचे तर आम्ही मुंबई सोडली आणि एका औद्योगिक वसाहतीच्या कडेला भाड्याची खोली घेऊन राहू लागलो. नववीनंतर माझी शाळा सुटली व मी रद्दीच्या दुकानात कामाला लागलो. वर्तमानपत्रे एकीकडे, वह्या दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे, असे निवडायचे काम. शाळेची पुस्तके पुडके बांधणाऱ्यांकडे किलोने जात. एके दिवशी वजनकाट्यावरून एक पुस्तक खाली पडले. त्याला ना वेष्टन, ना पहिली बारा पाने. लेखक कोण हे मला आजतागायत ठाऊक नाही. जे पान उघडले त्यावर लिहिले होते की, मोरचुदाच्या पाण्यात लोखंड ठेवले असता लोखंडावर तांबे चढते.

माझा विश्वास बसला नाही. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये, हे संपाच्या काळातली वर्तमानपत्रे वाचून वडिलांनी मला शिकविलेच होते. मी खत-औषधांच्या दुकानात गेलो आणि आठ आण्यांचे मोरचूद मागितले. दुकानदाराने विचारले, "द्राक्षबाग आहे का?" मी मान हलविली. कारण बागाईतदार मोरचूद आणि चुना मिसळून फवारणीचे मिश्रण करतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पुडी मात्र मिळाली. रात्री काचेच्या पेल्यात ते निळे खडे विरघळविले, एक खिळा वाळूने घासून पांढरा केला आणि आत सोडला. पाच मिनिटांत तो तांबूस झाला. मी आईला उठविले. तिने चिमणीच्या उजेडात खिळा पाहिला आणि म्हणाली, "आता सोन्याचे पाणी कुठे मिळते ते बघ." त्या पेल्यातून पुन्हा कोणाला पाणी पिऊ द्यायचे नाही, हेही तिनेच ठरविले. मोरचूद विषारी असते, ही समज तिला माझ्या पुस्तकापेक्षा अगोदर होती.

रात्रभर मला वाटत होते की, लोखंडाचे तांबे झाले. पेला तसाच ठेवला. दोन दिवसांनी पाहतो तो पाण्याचा निळेपणा जाऊन ते हिरवट झालेले, तळाशी लाल गाळ, आणि खिळा मात्र बारीक झालेला, जागोजाग खाल्ल्यासारखा. तेव्हा मी पुस्तकातला तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि या खेपेस तो मला समजला. लोखंडाचे काही तांबे झाले नव्हते. तांबे आधीच पाण्यात होते. लोखंड पाण्यात उतरले आणि तांब्याला बाहेर यावे लागले. खुर्ची एकच, बसणारा बदलला. मग ते हिरवट पाणी म्हणजे काय? पुस्तकात नाव होते हिराकस. हिराकस शब्द आजीच्या तोंडी मी ऐकला होता. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून पूर्वी शाई करीत. दुसऱ्या दिवशी काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडे आणले, कुटून उकळले आणि गाळलेला काढा त्या हिरवट पाण्यात ओतला. क्षणात काळेभोर! त्या शाईने मी वहीवर माझे नाव लिहिले. शाळा सुटल्यावर लिहिलेले ते माझे पहिले अक्षर.

ही हकीकत लांबली. पण वाचलेले वाक्य आणि समजलेले वाक्य यांच्यामध्ये एक पेला, एक खिळा व दोन दिवस असतात, ही गोष्ट मला थोडक्यात सांगता येत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, फिरत्या वाचनालयातून आणलेल्या एका चरित्रात, मला माझ्यासारखाच एक रद्दीवाला भेटला. त्याचे नाव मायकेल फॅरेडे. आपल्या घरात आज जो दिवा लागतो, पंखा फिरतो, त्यामागे या माणसाचे शोध आहेत. त्याचा बाप लंडनमध्ये लोहार होता, आणि तोही बहुतेक आजारी. १८०१ साली धान्य महाग झाले तेव्हा या नऊ वर्षांच्या पोराला आठवड्याला एक पाव मिळे आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. चौदाव्या वर्षी, १८०५ साली, त्याला रिबो नावाच्या पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवले. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यांत एक होते जेन मार्सेट या बाईंचे 'रसायनशास्त्रावरील संभाषणे'. हंफ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकायला बाईसाहेब जात. पण ती नीट उमजत नसत. म्हणून त्यांनी स्वतः अभ्यास केला आणि आपल्यासारख्यांसाठी पुस्तक लिहिले. १८०६ सालच्या पहिल्या आवृत्तीवर त्यांचे नावसुद्धा नव्हते. मिसेस बी. नावाची शिक्षिका, तिच्या एमिली आणि कॅरोलाइन या दोन विद्यार्थिनी, आणि त्यांचे बोलणे, असे ते पुस्तक आहे. कॅरोलाइनला स्फोट आणि भडके यांचीच हौस, एमिली गंभीर. माझ्या अनुभवाने सांगतो, प्रत्येक वर्गात या दोघी असतातच, मग तो वर्ग वेल्डरांचा का असेना.

फॅरेडेने काय केले? पुस्तकातली विधाने त्याने घरी तपासून पाहिली. आठवड्याला काही पेन्स उरत, तेवढ्यात होतील असे प्रयोग. त्याने स्वतःच सांगितले आहे की, लहान लहान प्रयोगांनी पडताळता आल्यामुळे त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. १८१२ च्या जुलैत त्याने एका मित्राला पत्र लिहिले, त्यात आनंद नुसता उसळतो आहे. जस्ताच्या सात चकत्या त्याने स्वतः कापल्या, तांब्याच्या अर्ध्या पेन्सच्या नाण्यांएवढ्या. त्यांवर सात नाणी ठेवली. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागद घातले. आणि त्या चवडीतून निघालेल्या विजेने एका क्षाराचे पृथक्करण करून दाखविले. हे वाचल्यावर मला राहवले नाही. आजीच्या गाठोड्यात तांब्याचे ढब्बू पैसे होते. टॉर्चच्या संपलेल्या सेलचे जस्ताचे कवच कल्हईवाल्याकडून कापून घेतले. तारांची टोके मिठाच्या पाण्यात बुडविताच एका टोकाशी बारीक बुडबुडे येऊ लागले. आजीचे पैसे मी धुऊन परत ठेवले; पण ते काळे का पडले हे तिला समजावून सांगण्याइतके शास्त्र मजजवळ नव्हते.

पुढची कथा तुम्हाला ठाऊक असेल. एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर फॅरेडे डेव्हीच्या व्याख्यानांना गेला, टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हीला पाठविली. १८१३ च्या मार्चमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक जागा रिकामी झाली. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, माडीवर दोन खोल्या, शिवाय जळण आणि मेणबत्त्या. जागा रिकामी झाली ती आधीच्या मदतनिसाला मारामारीबद्दल काढून टाकल्यामुळे. चरित्रकार हे एका ओळीत उरकतात. मी संघटनेचा माणूस. माझ्या मनात येते की त्या मदतनिसाची चौकशी रीतसर झाली होती काय? असो. विज्ञानाच्या दृष्टीने ती बडतर्फी फायद्याची ठरली, इतके मी मान्य करतो.

मोठा झाल्यावर फॅरेडे त्या बाईंना विसरला नाही. आपले निबंध तो त्यांना कृतज्ञतेने पाठवीत असे. आणि १८२७ साली त्याने स्वतः जे जाडजूड पुस्तक लिहिले, ते हातांच्या कामावर: तोलावे कसे, गाळावे कसे, तापवावे कसे. त्यात लहान काचनळ्यांतून थोडक्या पदार्थावर प्रयोग कसे करावेत, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मोठी भांडीकुंडी ज्याला परवडत नाहीत त्याची आठवण त्याने ठेवली.

पुस्तकाबरोबर सामानही विकावे, ही कल्पना त्याच काळात लंडनमध्ये चालू झालेली होती. फ्रेडरिक अ‍ॅकम नावाचा एक जर्मन गृहस्थ तेथे दुकान मांडून होता. लहान मोठ्या पेट्या, त्यांत बाटल्या, नळ्या, तराजू; आणि जोडीला १८१७ साली काढलेले घरच्या करमणुकीच्या प्रयोगांचे पुस्तक. हाच अ‍ॅकम १८२० साली एक निराळे पुस्तक घेऊन पुढे आला. पाव, बिअर, चहा, लोणची यांत व्यापारी काय काय मिसळतात आणि ते घरी कसे ओळखावे, हे त्याने लिहिले, आणि शिक्षा झालेल्यांची नावेही छापली. लवकरच त्याच्यावर ग्रंथालयातल्या पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप आला व तो देश सोडून गेला. पाने त्याने फाडली असतीलही. आपल्या वाचनालयाच्या चिटणिसांसमोर मी त्याची बाजू घेणार नाही. तथापि भेसळीविरुद्धच्या चळवळीची सुरुवात त्याच्या पुस्तकाने झाली. आज आपल्या घरी औषधाच्या कपाटातल्या आयोडिनचा एक थेंब खव्यावर टाकला आणि तो निळा-काळा झाला, तर त्यात पीठ मिसळले आहे हे कळते. आणि हा थेंब टाकायला बहुधा घरातली बाईच पुढे येते.

विसाव्या शतकात अमेरिकेने या पेट्यांचा मोठा धंदा केला. रंगीत पत्र्याच्या पेट्या, झाकणावर टाय लावलेला गोरा मुलगा. १९५० साली तर एका कंपनीने युरेनियमच्या खनिजाचे तुकडे घातलेली पेटी साडेएकोणपन्नास डॉलरना विकायला काढली. त्याच कंपनीने पुढे मुलींसाठी म्हणून गुलाबी पेटी केली. तिच्यावर लिहिले होते प्रयोगशाळेतील मदतनीस. मुलगा झाला तर शास्त्रज्ञ आणि मुलगी झाली तर त्याची मदतनीस! १९६० साली न्यूयॉर्कहून रॉबर्ट ब्रेंट यांचे मुलांसाठी रसायनप्रयोगांचे पुस्तक निघाले. चित्रे अशी सुरेख की पाहतच राहावे. पण त्यात घरी क्लोरीन कसा तयार करावा याचीही कृती आहे. ते पान मी पाहिले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. का, ते सांगतो.

१९९४ साली मी एका कारखान्यात होतो. नाव सांगत नाही. तो कारखाना आता बंद आहे आणि बंद पडलेल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. रात्रपाळीला कंत्राटी बायका फरशी धूत. त्या रात्री फरशीवरचे पांढरे डाग काढायला त्यांना एका कॅनमधून पातळ आम्ल दिले. डाग गेले. मग गटाराला वास येतो म्हणून मुकादमाने दुसऱ्या कॅनमधले विरंजक द्रव ओतायला सांगितले. दोन्ही कॅन निळे, दोन्हींवर चिठ्ठी नाही. तीन बायका तेथेच कोसळल्या. मुकादमाला मात्र फारसे काही झाले नाही. तो उभा होता, बायका उकिडव्या बसून घासत होत्या. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो. तो खाली उतरतो आणि जमिनीलगत पसरतो. वायूलासुद्धा ठाऊक होते, कोण उभे असते आणि कोण बसलेले.

सकाळी साहेबांनी सांगितले, उपाशीपोटी काम केल्यामुळे चक्कर आली. मी तोपर्यंत आठ वर्षे घरी पुड्या आणि बाटल्यांशी खेळत होतो. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून मी पट्ट्या करून ठेवीत असे. त्या आम्लात लाल होतात, चुन्याच्या निवळीत हिरवट. एक पट्टी ओली करून मी गटाराच्या तोंडाशी, हात लांब करून, धरली. ती आधी कडेने लाल झाली आणि मग सगळीच पांढरी पडली. रंगच उडाला. आम्ल नुसते असते तर ती लाल राहिली असती.

ती पट्टी घेऊन मी कारखाना निरीक्षकांपुढे गेलो. साहेब हसले. निरीक्षक हसले नाहीत. ते म्हणाले, "हा पुरावा नव्हे. रंग उडविणारे पदार्थ आणखीही आहेत. पण हा प्रश्न आहे, आणि मला तो विचारता येतो." त्यांनी दोन्ही कॅन मागविले व खरेदीची वही मागविली. भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडले त्यानंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली होती. कामगार ज्या पदार्थात काम करतो त्याचे धोके त्याला सांगणे मालकावर बंधनकारक झाले होते. कायदा होता, पण वापरायला प्रश्न लागतो, आणि प्रश्न सुचायला थोडी जास्वंद लागते. महिनाभरात आमच्या कारखान्यात कॅनवर मराठी चिठ्ठ्या लागल्या आणि आम्ल व विरंजक वेगवेगळ्या खोल्यांत गेले. नुकसानभरपाई फारशी मिळाली नाही. त्या तिघींतल्या एकीला आम्ही आक्का म्हणत असू. तिचा खोकला अखेरपर्यंत गेला नाही. मी तो जिंकलेला लढा म्हणून कधी सांगत नाही.

भोपाळविषयी एकच गोष्ट बोलतो. त्या रात्री जो वायू सुटला तोही हवेपेक्षा जड होता, दुपटीच्या आसपास, आणि पाण्याशी त्याची क्रिया होते. तोंडावर ओले फडके धरा, एवढे जरी वस्तीला आधी कोणी सांगितलेले असते तर काही जीव वाचले असते, असे जाणत्यांनी नंतर लिहिले. भिंतीपलीकडे काय साठविले आहे, हे वस्तीला ठाऊक नव्हते. पुस्तक कारखान्यात होते, फडके वस्तीत होते.

आता आपण म्हणाल, हे सारे ठीक. पण सामान मिळते कोठे? अहो, आपली बाजारपेठ हीच रसायनांची पेढी आहे, फक्त पाटीवर तसे लिहिलेले नाही. किराण्यात तुरटी, खायचा सोडा, सैंधव. काष्ठौषधीवाल्याकडे टाकणखार, हिराकस, हिरडा, नवसागर. हा नवसागर कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो तेव्हा जो पांढरा धूर उठतो तो सर्वांनी पाहिला आहे. चिमूटभर नवसागर आणि चिमूटभर चुना तळहातावर चोळून पाहा. नाकाला झोंबतो तो अमोनिया. चोळल्यावर हात धुवा. पानवाल्याकडचा चुना पाण्यात ढवळून, निवळू देऊन, वरचे पाणी घ्या आणि नळीने त्यात फुंका. ते दुधाळ होते, म्हणजे आपल्या श्वासात काय आहे ते कळले. हळदीला चुना लागला की लाल होते, हे देवघरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. त्याच लालीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होते, हे मात्र पुष्कळांनी पाहिलेले नसते. तापवायला शाईच्या बाटलीत वात घालून स्पिरिटचा दिवा होतो. जेथे शेंदूर, मुरदाडशिंग किंवा पारा यांची गोष्ट येते तेथे मात्र थांबावे. पहिल्या दोहोंत शिसे आहे, पारा तर पाराच. ही विषे साठत जातात आणि गवगवा करीत नाहीत.

तीव्र आम्लांविषयी माझे मत काही विज्ञानप्रेमी मित्रांना आवडत नाही. ते म्हणतात, पूर्वी तेजाब बाटलीत मिळे, आता दुकानदार देत नाही, मुलांनी शिकावे कसे? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या सुट्या विक्रीवर बंधने घातली: अठरा वर्षांखालच्याला नाही, ओळखपत्राशिवाय नाही, वहीत नोंद केल्याशिवाय नाही. ती बंधने का आली, हे ज्या मुलींच्या चेहऱ्यांवर लिहिलेले आहे त्यांना विचारा. त्या बंधनाने आमचा एखादा प्रयोग अडला तर अडू द्या. लिंबू, चिंच आणि सिरका यांतही आम्लच आहे, आणि त्यांतून शिकण्यासारखे एका जन्मात संपणार नाही.

शिवाय प्रयोग मोठाच करावा हा हट्ट कशाला? विसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात, जॉन ब्रॅडली यांनी थेंबाथेंबाने करावयाच्या प्रयोगांच्या छोट्या पेट्या तयार केल्या. जेथे शाळांना प्रयोगशाळा नव्हत्या तेथे त्या चालल्या. आपल्याकडे गोळ्यांची रिकामी पट्टी घ्या. तिच्यात दहा खळगे, म्हणजे दहा परीक्षानळ्या. ड्रॉपरने थेंब टाका. खर्च कमी, सांडलवंड कमी, भय कमी. फॅरेडेच्या त्या प्रकरणाचीच ही पुढची पायरी.

आणि पुस्तके? तक्रार आहे, पण उगीच नको. पुण्याचे 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ साली निघाले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. पुण्यातच अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून विज्ञान शिकविले आणि पुस्तके सर्वांना फुकट खुली करून दिली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मातृभाषेतून रसायन शिकविण्याची खटपट तर त्याहून जुनी. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन निघाले ते त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रयत्नांनी. हेच ते गज्जर, ज्यांनी मुंबईच्या राणीच्या पुतळ्यावरचे डांबर रासायनिक युक्तीने काढून दाखविले. १८९६ साली ते डांबर फासले होते आपल्या चाफेकरांनी. टाळी कोणासाठी वाजवावी, हे मी श्रोत्यांवर सोपवितो.

माझी तक्रार अशी की, पुस्तक एका दुकानात, पुडी दुसऱ्या दुकानात, आणि दाखविणारा तिसऱ्या गावात. या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या तर काय होते, ते मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात दिसले. १९७२ साली तेथे काही थोड्या खेड्यांतल्या शाळांत विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला. मुलांच्या पुस्तकाबरोबर शाळेला सामानाची पेटी मिळे. पुस्तकात उत्तरे नव्हती, प्रयोग करून ती मुलांनीच भरायची. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायला परवानगी. तीस वर्षे हे चालले, शेकडो शाळांत पसरले, आणि २००२ साली सरकारने ते बंद केले. पेट्या कोणत्या फडताळात गेल्या असतील ते असोत.

आमच्या संघटनेच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. वरच्या दोन खणांत दाव्यांचे कागद, खालच्या दोन खणांत बाटल्या. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि ते पोटात वा डोळ्यांत गेले तर काय करावे हे. शेजारी त्रेसष्ट पुस्तके, निम्मी रद्दीतून आलेली. रविवारी सकाळी कामगारांची मुले येतात. अलीकडे कामगारही येतात. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटली कोणाला मिळत नाही, मलाही नाही. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने विचारले, "काका, माझे बाबा ज्या पिंपात काम करतात, त्यावरचे नाव या पुस्तकात का नाही?" ती नाव कागदावर उतरवून आली होती. तीन आठवडे आम्ही शोधत होतो. शेवटी एका प्राध्यापकांनी सांगितले. ते आज येथे समोर बसले आहेत. मग तिचे बाबा कारखान्यात गेले आणि त्यांनी मुखवटा मागितला. तो मिळाला आहे, मात्र एकाच पाळीला. दुसऱ्या पाळीबद्दल बोलणी चालू आहेत.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षमहाराजांनी पुढे सरकविली आहे, आणि माझ्या धंद्यात अध्यक्षांची चिठ्ठी मोडीत नाहीत. येताना मी एक पेटी आणली आहे, ती त्या टेबलावर आहे. हिरड्याचा काढा आणि हिराकसाचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत आहे. ज्यांना शाई करून पाहावयाची असेल त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर पुढे यावे. मुलांना आधी येऊ द्या. पांढरे सदरे घातलेल्यांनी जरा दूर उभे राहावे, तो डाग धुऊन जात नाही.